बारा सेकंदांचा विजेता आणि इतर प्रश्न

मागच्या अंकातल्या चौकटीत १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या विजेत्यांची यादी दिली होती. एवढ्याशा चौकटीवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही इथे घेतली आहेत. पत्रं कापली आहेत, त्यातला राग मात्र तसाच ठेवला आहे.

‘यादीत १०० मीटरचा विजेता थॉमस बर्क, वेळ १२ सेकंद, असं छापलंय. माझा मुलगा नववीत आहे. शाळेच्या मैदानावर तो ११.८ मध्ये धावला, सरांनी वहीत लिहून दिलंय. म्हणजे १८९६ मध्ये तो ऑलिंपिक जिंकला असता का? घरात यावरून रोज जुंपते.’ (एक आई, इचलकरंजी)

ताई, मुलाचं अभिनंदन. आता जरा उलटतपासणी करतो. पी.टी. शिकवता शिकवता माझं आयुष्य अंतिम रेषेवर स्टॉपवॉच धरून उभं राहण्यात गेलं, त्यामुळे ही खोड काही जात नाही.

शंभर मीटर टेपने मोजले होते की सरांच्या पावलांनी? घड्याळ कशावर सुरू केलं, क्लॅपरच्या (शर्यत सोडायला आपटतात त्या जोडफळ्या) आवाजावर की क्लॅपर मिटलेला बघून? हा प्रश्न फालतू नाही. शंभर मीटर अंतर कापायला आवाजाला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. अंतिम रेषेवरच्या माणसाने आवाज ऐकून बटण दाबलं, तर धावणाऱ्याला तेवढी सूट फुकटात मिळते. म्हणून नवीन टाइमकीपरला मी पहिलं हेच शिकवायचो की नजर क्लॅपरवर, पिस्तूल असेल तर धुरावर, आणि कान घरी ठेवून यायचे. शिवाय हाताच्या घड्याळाची वेळ विजेवरच्या घड्याळापेक्षा कमीच भरते. तुलना करायची तर तीत ०.२४ सेकंद मिळवायचा रिवाज आहे. तेव्हा वहीतले ११.८ म्हणजे बारा आणि वर थोडंसं, असं धरा.

हा न्याय बर्कलाही लावायला हवा, कारण त्याचीही वेळ हातानेच घेतली होती. त्या काळची घड्याळं सेकंदाचा पाचवा भाग दाखवायची. हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, तो ११.८ आणि अंतिम शर्यतीत १२.० धावला. आकडे एवढेच. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, त्याखालची जमीन बघा.

बर्क मुळात शंभर मीटरचा गडीच नव्हता, तो ४०० मीटरवाला. अमेरिकेत ४४० यार्ड, म्हणजे ४०२ मीटरला जरा वर, तो पन्नास सेकंदांच्या आत धावून राष्ट्रीय विजेता झाला होता. तोच माणूस अथेन्समध्ये ४०० मीटर जिंकला तो ५४.२ सेकंदांत. मग चार-साडेचार सेकंद गेले कुठे? ट्रॅकने खाल्ले. प्राचीन ग्रीक स्टेडियम संगमरवर लावून नव्याने उभं केलं होतं, त्याचा आकार केसांच्या पिनेसारखा लांबुळका. एक फेरी ३३३.३३ मीटरची, दोन बाजू लांबलचक सरळ आणि टोकांची वळणं इतकी आखूड, की भरधाव आलेल्या माणसाला तिथे जवळजवळ थांबून वळावं लागे. पृष्ठभाग भुसभुशीत. त्यात धावायचं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, आज आपण धावतो त्याच्या बरोबर उलट.

आणि १२ सेकंद हा त्या काळच्या माणसाचा कळस होता, असंही समजू नका. १८९० मध्येच अमेरिकेच्या जॉन ओवेनने १०० यार्ड ९.८ सेकंदांत मारले होते. हिशेब केला तर ते १०० मीटरला पावणेअकराच्या आसपास जातं. पण असे कितीतरी गडी अथेन्सला गेलेच नाहीत. जे गेले त्यांतले अमेरिकन बोट, आगगाडी, पुन्हा बोट, पुन्हा आगगाडी असं करत स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोहोचले. बर्क दोन्ही हात जमिनीला टेकवून बसून निघाला, शेजारचे बरेचसे उभ्यानेच निघाले. स्टार्टिंग ब्लॉक तेव्हा नव्हतेच. पाय रोवायला धावपटू खुरप्यासारख्या अवजाराने स्वतःचे खड्डे स्वतः खणायचे. १९३६ ला बर्लिनमध्ये जेसी ओवेन्सनेही तसेच खणले. ऑलिंपिकमध्ये ब्लॉक आले ते १९४८ साली.

त्याच यादीतला थाळीफेकीचा विजेता रॉबर्ट गॅरेट बघा. प्रिन्स्टनचा विद्यार्थी. थाळी कशी असते हे त्याने पाहिलेलंच नव्हतं, म्हणून जुन्या वर्णनावरून लोखंडाची एक करून घेतली. ती निघाली दहा-बारा किलोंच्या पुढची! हा आपला प्रांत नव्हे म्हणून त्याने नाद सोडला. अथेन्सला गेल्यावर खरी थाळी हातात घेतली तर जेमतेम दोन किलोंची. मग नाव दिलं आणि २९.१५ मीटर फेकून पहिला आला, तेही ग्रीकांना त्यांच्याच खेळात हरवून. आपल्या जिल्हा स्पर्धेत २९ मीटरला आज कोणी वळून बघणार नाही. पण थाळी हातात घेऊन चार दिवस झालेल्या माणसाने एवढी फेकून दाखवावी, मी स्वतः टेप धरीन.

तर घरातला वाद असा मिटवा. मुलगा शंभर मीटरच्या हीटमध्ये चांगला लढला असता, अंतिम शर्यतीचं सांगता येत नाही. त्याला एकदा ४०० मीटर धावायला लावा आणि ती वेळ मला कळवा. बर्क कोण होता ते तिथे कळेल.

‘आमच्या लहानपणी बेळगावात फडेप्पा चौगुल्यांचं नाव आदराने घेत. ऑलिंपिकला धावले एवढंच ठाऊक आहे. तुमच्या यादीत ते का नाहीत? त्यांना निवडलं कोणी?’ (निवृत्त पोस्टमास्तर, बेळगाव)

काका, यादी १८९६ ची होती, चौगुले धावले ते १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये. तुमचं पत्र मात्र नेमक्या जागी आलं. या सगळ्या जुन्या मंडळींत माझा सर्वांत जास्त जीव चौगुल्यांवरच आहे.

गोष्ट पुण्यातून सुरू होते. पहिलं महायुद्ध संपलं होतं. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते दोराबजी टाटा. केंब्रिजला शिकलेले, तिथे खेळलेले, शर्यती कशा भरवतात हे डोळ्यांनी पाहिलेले. जिमखान्याच्या स्पर्धेत त्यांना काय दिसलं, ते त्यांनी पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात सविस्तर आलं आहे. मैदान लहान, रोलर न फिरवलेलं, खडबडीत गवताचं. त्यावर शंभर यार्डांची शर्यत आखली होती ती चक्क वळणावरून! आणि दोऱ्या नाहीत. तेव्हा विलायतेत आखूड शर्यतीला दोन धावपटूंच्या मधे खुंट्यांवर दोरी ताणत, म्हणजे कोणी कोणाच्या अंगावर जात नसे. आपल्याकडे आज फक्कीच्या रेघा मारतात, काम तेच. इथे दोऱ्याही नाहीत आणि वळणही आहे म्हटल्यावर पहिल्या दहा पावलांत काय ढकलाढकली झाली असेल, याची कल्पना मैदान आखलेल्या माणसाला लगेच येते.

पण दोराबजींची नजर खिळली ती लांब पल्ल्याच्या शर्यतीवर. तिला तिथले लोक ‘मॅरेथॉन’ म्हणत होते, अंतर पंचवीसेक मैल. धावणारे शेतकऱ्यांची पोरं. शेतात राबणारी, मिळेल ते खाणारी, प्रशिक्षण म्हणजे काय हे न ऐकलेली. खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवर अनवाणी धावून आलेल्या पहिल्या तीन-चार जणांची वेळ दोराबजींनी पाहिली, तर ती युरोपातल्या वेळेशी ताडून बघण्याजोगी निघाली. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड तिथेच हजर होते. अँटवर्पला माणसं पाठवण्याचा विचार तिथे धरला गेला आणि खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी खिशातून उचलला.

इथे एक सांगून ठेवतो. ‘अनवाणी धावले’ याचं फार गोड वर्णन करायची आपल्याकडे सवय आहे. ती मुलं अनवाणी धावली कारण बूट परवडत नव्हते. त्यात काव्य शोधू नये.

अँटवर्पला सहा जण गेले. मॅरेथॉनला चौगुले आणि सदाशिव दातार, आणखी दोन धावपटू आणि दोन कुस्तीगीर. दातारांची शर्यत अर्धवट राहिली. चौगुले एकोणिसावे आले, वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. आता हा आकडा वाचताना मॅरेथॉनची आजची मोजणी डोक्यातून काढा. अँटवर्पचा मार्ग ४२.१९५ किलोमीटरचा नव्हता, तो होता ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे अर्धा किलोमीटरहून जास्त ज्यादा. चौगुल्यांचा वेग काढला तर किलोमीटरला चार मिनिटांच्या किंचित आतला येतो. त्याच वेगाने आजचं अंतर धरलं तर वेळ २ तास ४८ मिनिटांच्या घरात जाते. पहिला आला फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन, २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंद. पण तो १९१२ मध्ये तीन सुवर्णपदकं जिंकलेला, जगातला त्या काळचा सर्वांत मुरलेला धावपटू. त्याच्या अठरा मिनिटं मागे आपला बेळगावचा माणूस होता.

नातवंडांना मैदानावर न्या आणि एकच किलोमीटर चार मिनिटांत धावून दाखवा म्हणा. मग सांगा, की असे आणखी एकेचाळीस आणि वर पाऊण.

आणि कुस्तीचं विसरू नका. कुमार नवले लवकर बाद झाले, पण रणधीर शिंदे फेदरवेट गटात चौथे आले. एक पायरी वर गेले असते तर भारताच्या वैयक्तिक कुस्ती पदकाची सुरुवात १९२० पासून मोजली असती. तसं झालं नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेईपर्यंत मध्ये ३२ वर्षं गेली. खाशाबांचं नाव आज शाळकरी पोरालाही माहीत आहे, असायलाच हवं. शिंद्यांचं नाव कुस्तीच्या तालमीतही दहा जणांना विचारलं तर नऊ जण मान हलवतात, याचं मला वाईट वाटतं.

‘एका जपानी माणसाला मॅरेथॉन पुरी करायला ५४ वर्षं लागली, असं मोबाइलवर फिरतंय. थाप ना?’ (विद्यार्थी, नाशिक)

थाप नाही रे बाळा. शिझो कानाकुरी त्याचं नाव. १९१२, स्टॉकहोम. उन्हाचा पारा तिशीच्या वर, त्या शर्यतीत पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. कानाकुरी जपानहून बोट आणि सैबेरियातली रेल्वे असा अडीच आठवड्यांचा प्रवास करून आलेला. पायात तळ जाड केलेले जपानी कापडी जोडे. वाटेत उन्हाने घेरी आली, रस्त्याकडेच्या एका घराच्या बागेत लोकांनी त्याला प्यायला दिलं, तो तिथेच थांबला आणि स्पर्धेच्या अधिकाऱ्यांना न कळवता निघून गेला. स्वीडनच्या कागदोपत्री तो ‘बेपत्ता’! १९६७ मध्ये त्याला सन्मानाने बोलावून अंतिम रेषा ओलांडायला लावली. जाहीर वेळ ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस आणि वर काही तास.

मोबाइलवर एवढंच येतं. येत नाही ते हे, की हा माणूस मधल्या काळात दडी मारून बसला नव्हता. तो पुन्हा ऑलिंपिक धावला. १९२० च्या अँटवर्प मॅरेथॉनमध्ये तो सोळावा आला, वर ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या चौगुल्यांच्या तीनच जागा पुढे.

‘एमपीएससीच्या क्लासमध्ये एक सर म्हणतात भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक १९०० चं, दुसरे म्हणतात १९५२ चं. आम्ही काय लिहायचं?’ (सोलापूर)

प्रश्न नीट वाचायचा. ‘स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक’ विचारलं तर खाशाबा जाधव, १९५२. ‘पहिलं सुवर्ण’ म्हटलं तर हॉकी, १९२८. नुसतं ‘पहिलं पदक’ म्हटलं तर नॉर्मन प्रिचर्ड, १९००, पॅरिस. २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळा, दोन्हींत रौप्य.

प्रिचर्ड जन्मला कोलकात्यात, इंग्रज कुटुंबात. बंगालमध्ये धावला, फुटबॉलमध्ये नाव काढलं. पॅरिसच्या आधी तो इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धेतही धावला होता, आणि इथेच घोळ आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती त्याची पदकं भारताच्या नावावर धरते, अॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने ती ब्रिटनच्या नावावर टाकली. १९०० मध्ये देशाचा संघ वगैरे प्रकार फारसा नव्हताच, ज्याला जमलं तो गेला आणि धावला. त्याला आजचा पासपोर्ट चिकटवायला गेलं की भांडण होणारच. परीक्षेत ‘भारत’ लिहा, गुण घ्या. पुढे तो नॉर्मन ट्रेव्हर या नावाने हॉलिवूडच्या मूकपटांत नट झाला, हे परीक्षेत विचारत नाहीत. विचारायला हवं.

‘जिम थॉर्पची पदकं पैसे घेऊन खेळला म्हणून काढून घेतली, हे वाचून डोकं फिरलं. आमच्याकडे जत्रेच्या कुस्तीत रोख इनाम लागतं, कबड्डीत लागतं. मग आमचे सगळे खेळाडू काय चोर?’ (कबड्डी संघाचे प्रशिक्षक, कुर्डुवाडी)

तुमचा राग रास्त आहे आणि त्याला फार जुनं मूळ आहे.

१८६६ मध्ये लंडनमध्ये अॅमेच्युअर अॅथलेटिक क्लब निघाला. हौशी खेळाडू कोण, याची त्यांनी व्याख्या केली. पैशांसाठी धावलेला नको, हे तर झालंच, पण कारागीर, मजूर, यंत्रावर काम करणाराही नको. म्हणजे एक पैसा न घेता धावलात, तरी हाताने काम करून पोट भरता एवढ्यावर बाहेर! १८८० मध्ये नवी संघटना आली तेव्हा मजुराची अट गेली, पैशाची राहिली. पोटापाण्याची ददात नसलेल्या माणसाला ती अट जाचत नाही, हे सांगायला नको.

तिची सर्वांत गमतीशीर शिक्षा विक्रमांच्या वहीला झाली. वॉल्टर जॉर्ज नावाचा इंग्रज, औषधाच्या दुकानात उमेदवारी केलेला. हौशी असताना त्याने सगळे विक्रम मोडले, पण कर्ज झालं म्हणून धंदेवाईक झाला. २३ ऑगस्ट १८८६ रोजी लंडनच्या लिली ब्रिज मैदानावर त्याची आणि स्कॉटलंडच्या विल्यम कमिंग्जची एक मैलाची शर्यत लागली. बराच वेळ दोघे जोडीने. शेवटच्या फेरीत कमिंग्ज कोसळला, जॉर्ज आला ४ मिनिटं १२.७५ सेकंदांत. आता पुढचं ऐका. १९१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने मैलाचा पहिला अधिकृत जागतिक विक्रम नोंदवला तो अमेरिकेच्या जॉन पॉल जोन्सचा, ४ मिनिटं १४.४ सेकंद. म्हणजे २७ वर्षांपूर्वी प्रत्यक्ष धावून झालेल्या वेळेपेक्षा दीड सेकंदाहून जास्त हळू! जॉर्जचा आकडा सगळ्या जगाला ठाऊक होता, पण त्याने पैसे घेतले होते, म्हणून वहीत जागा नाही. पुस्तकात ‘पहिला विश्वविक्रम’ असं दिसलं की मी आधी विचारतो, कुणाला वगळून?

थॉर्प त्याच अटीत सापडला. सॅक अँड फॉक्स जमातीचा, अमेरिकेच्या आदिवासी मुलांसाठी काढलेल्या कार्लाइलच्या शाळेतला. १९१२ ला स्टॉकहोममध्ये पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकला. डेकॅथलॉन म्हणजे दहा प्रकार, त्यात दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो विस्लँडर त्याच्या कितीतरी मागे राहिला. पुढच्या जानेवारीत वर्तमानपत्रात आलं, की १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात हा नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. कॉलेजची इतर मुलंही सुट्टीत तेच करायची, पण खोट्या नावाने. हा खऱ्या नावाने खेळला आणि त्यातच अडकला. पदकं परत घेतली. गंमत म्हणजे स्पर्धेच्या नियमानुसार तक्रार तीस दिवसांत यायला हवी होती, ती आली सहा महिन्यांनी. नियम मोडला म्हणून शिक्षा, आणि शिक्षा द्यायलाही नियम मोडला.

थॉर्प १९५३ मध्ये गेला. १९८२ मध्ये समितीने त्याला ‘सहविजेता’ केलं. एकट्याचं नाव विजेता म्हणून लागलं ते २०२२ च्या जुलैत, शर्यतीनंतर ११० वर्षांनी. तुमच्या पोरांना रोख इनाम बिनधास्त घेऊ द्या. ती अट ऑलिंपिकने केव्हाच सोडली. फक्त पावती ठेवा, कारण संघटनांचं काही सांगता येत नाही.

‘त्या काळी बायका धावतच नव्हत्या का? एकाही उत्तरात बाई येत नाही.’ (दहावीतली धावपटू, रत्नागिरी)

बरोबर पकडलंस. टेनिसमध्ये इंग्लंडची शार्लट कूपर १९०० लाच जिंकली, पण ट्रॅकवर बायकांना ऑलिंपिकने घेतलं ते १९२८ मध्ये, अॅमस्टरडॅमला. ८०० मीटर जर्मनीच्या लिना राडकेने २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली, तो जागतिक विक्रम. दुसरी जपानची हितोमी किनुए. शर्यत संपल्यावर दमून एखाददुसरी खाली पडली, बसली. तू ८०० धावतेस, तर अंतिम रेषेनंतरची पन्नास पावलं कशी असतात ते तुला वेगळं सांगायला नको.

वर्तमानपत्रांनी काय लिहिलं? एका अमेरिकन पत्रकाराच्या लेखात अकरा जणी धावल्या आणि पाच जणींनी मध्येच सोडलं, असं आहे. प्रत्यक्षात नऊ धावल्या, नऊही जणींनी शर्यत पुरी केली. पण हाकाटी झाली, बाईच्या शरीराला हे झेपत नाही असं ठरलं आणि ८०० मीटर बायकांसाठी बंद, थेट १९६० पर्यंत.

आता हे वीस वर्षं आधीच्या लंडनशी ताडून बघ. १९०८ ची मॅरेथॉन. इटलीचा दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये शिरला तो उलट्या दिशेने निघाला, पुन्हा पुन्हा पडला, अधिकाऱ्यांनी उचलून उभा केला, शेवटचे साडेतीनशे मीटर काढायला त्याला दहा मिनिटं लागली. मदत घेतली म्हणून बाद झाला, ते नियमाला धरूनच. पण दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला स्वतःच्या हाताने चषक दिला, त्याच्यावर गाणं निघालं, अमेरिकेत पैसे घेऊन त्याच्या शर्यती लागल्या. पुरुषांना मॅरेथॉन झेपत नाही, ती बंद करा, असं ठरलं नाही.

भारताच्या धावपटू मुली ऑलिंपिकला पहिल्यांदा उतरल्या १९५२ मध्ये, हेलसिंकीला. मुंबईची मेरी डिसूझा आणि बंगालची नीलिमा घोष. तू ८०० मीटर किती वेळात धावतेस, ते पत्रात नाही. राडकेची वेळ वर दिली आहे.

‘शाळेच्या क्रीडादिनाला यंदा “जुनं ऑलिंपिक” अशी एक फेरी घ्यायची आहे. साहित्याला पैसे नाहीत. काय घेता येईल?’ (क्रीडाशिक्षक, चंदगड)

सर, पहिला प्रकार उभ्याने लांब उडी. धाव न घेता, जागच्या जागी. १९०० ते १९१२ हा ऑलिंपिकमधला प्रकार होता आणि त्याचा बादशहा होता अमेरिकेचा रे यूरी. लहानपणी पोलिओ झाला, चाकांच्या खुर्चीत बसायची वेळ आली, पाय परत यावेत म्हणून स्वतःच व्यायाम करत राहिला आणि मग त्याच पायांनी उभ्या उड्यांच्या तिन्ही प्रकारांत १९००, १९०४ आणि १९०८ मिळून आठ सुवर्णपदकं नेली. पॅरिसला तिन्ही एकाच दिवशी. सेंट लुइसला त्याने उभ्याने ३.४७ मीटर लांब उडी मारली. आधी फक्कीने एक रेघ मारा, तिथून ३.४७ वर दुसरी मारा आणि पोरांना नुसतं बघू द्या. दहावीतली दांडगी पोरंसुद्धा मधेच कुठेतरी उतरतील.

नियम सोपे. दोन्ही पाय रेघेच्या मागे, टाचा-चवडे वरखाली करून झोका घेतला तर चालेल, पण पाऊल उचलून पुन्हा टेकवलं की बाद. मोजायचं सगळ्यांत मागच्या खुणेपासून. मागे हात टेकला तर हाताच्या खुणेपासून, मग पोरगं कितीही रडो.

दुसरी रस्सीखेच. ती १९०० पासून १९२० पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती. दोर मनगटाला गुंडाळू द्यायचा नाही, हे आधी चारदा बजावा. आणि बुटांचं बघा. १९०८ ला लंडनमध्ये अमेरिकन संघ लिव्हरपूलच्या पोलिसांकडून क्षणात ओढला गेला आणि पोलिसांचे बूट फार जड आहेत म्हणून तक्रार करून मोकळा झाला. तेव्हा दोन्हीकडच्या पोरांना एक तर अनवाणी उतरवा, नाही तर सगळ्यांना कॅनव्हास. नाही तर संध्याकाळी नववी ‘ब’ चा अर्ज तुमच्या टेबलावर येईल, खाली वर्गशिक्षकांच्या सहीसकट.